अलम् म्हणजे पुरे

ज्या गावात जन्मलो, शिकलो, शिकवले आणि वृद्ध झालो, त्याच कोल्हापुरात एक दिवस पाहुणा म्हणून राहण्याचा योग मला वयाच्या एक्याहत्तराव्या वर्षी आला. पिशवीत धूतवस्त्र, पळी-पंचपात्र आणि एक कोरी वही ठेवत होतो. दारात उभी राहून पत्नी ते पाहत होती.

"आपल्याच गावात लॉजवर उतरणार? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला बायकोनं घराबाहेर काढलं."

"लॉज नव्हे, हॉटेल. आणि उतरायला चाललेलो नाही, परीक्षा घ्यायला चाललो आहे."

"कुणाची? त्याची का तुमची?" एवढे विचारून ती आत गेली. तिच्या प्रश्नातली खोच मला दुसऱ्या दिवशी कळली.

या परीक्षेचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. शाळेत संस्कृतच्या तासाला तो पहिल्या बाकावर बसत असे. ती आवड त्याने पुढे नेली नाही. वडिलांनी शेती सांभाळून एक लहानशी भट्टी उभारली होती, ती त्याने वाढवली. आज शिरोली एमआयडीसीत त्याची फौंड्री आहे. घराणे जैन, व्रतस्थ आणि अन्नदानाची मोठी हौस असलेले. दर दसऱ्याला तो सोने द्यायला येतो आणि वाकून नमस्कार करतो. त्या दिवशी मात्र सणवार काही नसताना आला, तेव्हाच मला शंका आली.

"सर, त्यांचं पत्र आलंय," नमस्कार करून तो म्हणाला. "परत येत्यात. पन या बारीला हॉटेलात उतरणार म्हनत्यात. तुमच्या गावातलं कामासाठी येणाऱ्या माणसाला सोयीचं, शांत हॉटेल कळवा, असं लिहिलंय. सर, आठ खोल्यांचं घर हाय की आपलं! आनि पावणं हॉटेलात?"

'ते' म्हणजे दक्षिणेकडच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याचे तपासनीस. वयाने साठीच्या आसपास, वृत्तीने कर्मनिष्ठ, पहाटे उठून स्नानसंध्या करणारे, कांदा-लसूण वर्ज्य मानणारे. त्या कारखान्याला पंपांची लोखंडी अंगे ओतून हवी होती. नमुने पसंत पडले तर काम कायमचे मिळणार होते. त्या भरवशावर माझ्या विद्यार्थ्याने दुसरी भट्टी बांधून ठेवली होती, ओतकामातली बारा माणसे नेमली होती. तपासनिसांनी दोन दिवस शांतपणे नमुने मोजावेत, ठोकून पाहावेत, कागदावर मान्यता द्यावी, की भट्टी पेटणार. मात्र त्यांची पहिली फेरी तपासणीवाचूनच संपली होती. तिच्यात माझाही हात होता, म्हणून ती हकीकत आधी सांगितली पाहिजे.

पहिल्या खेपेला ते आले तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने त्यांना स्टेशनवरूनच घरी नेले. घर असताना पाहुण्याला परक्या छताखाली ठेवणे हे त्याच्या बुद्धीला पटणेच शक्य नव्हते. दुपारी दोन वाजता भरपेट जेवण झाले. घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम, त्यामुळे साडेपाचला पुन्हा पाने मांडली. पाहुण्यांना संस्कृत येते हे कळल्यामुळे मला मुद्दाम बोलावणे होते. खपली गव्हाची खीर, पुरणपोळी, वर तुपाची धार. पाहुण्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि पानावर आडवा हात धरला. कुणाला त्यांची भाषा येईना, त्यांना मराठी येईना. तेव्हा माझ्याकडे पाहून ते नम्रपणे म्हणाले, "अलम्."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. 'अलम्' या अव्ययाचे दोन अर्थ मी आयुष्यभर वर्गात शिकवले. तृतीयेबरोबर आले तर 'पुरे', चतुर्थीबरोबर आले तर 'समर्थ'. दुसऱ्या अर्थासाठी मी नेहमी पहिलवानांचे उदाहरण देत असे, कारण या गावातल्या मुलांना ते चटकन कळते. हा मल्ल त्या मल्लाला अलम्, म्हणजे त्याला पुरून उरेल. पाहुण्यांनी कोणतीच विभक्ती लावली नव्हती, आणि त्या फटीतून माझी विद्वत्ता आत शिरली. मी हसून म्हणालो, "पाहुणे म्हणतात, मी समर्थ आहे. अजून दोन पोळ्यांना पुरून उरेन."

पंगतीत हशा उसळला. "घ्या की मग, पावणं!" म्हणत माझ्या विद्यार्थ्याने एक पोळी वाढली, दुसरी त्याच्या वहिनीने, तिसरी हौसेने म्हाताऱ्या आईने. पाहुणे भिडस्त होते. त्यांनी त्या तिन्ही खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी ते अंथरुणातून उठू शकले नाहीत. त्यात शेजारपाजारचे लोक त्यांना भेटायला येत होते, विचारपूस करत होते, ओवा आणि लिंबू आणून देत होते. तिसऱ्या दिवशी ते एकही नमुना न मोजता परत गेले. जाताना हात जोडून म्हणाले, तुमच्या प्रेमाचा मी ऋणी आहे. मग महिनाभराने हे पत्र आले.

"ही शेवटची फेरी हाय, सर," माझा विद्यार्थी म्हणाला. "हिच्यात तपासणी झाली न्हाय तर त्यांचा कारखाना दुसरीकडं बघणार. भट्टी तशीच थंड राहणार. माणसं आशेनं आल्यात. स्टेशनापलीकडं, शिरोलीच्या रस्त्याला एक हॉटेल हाय. लोक चांगलं म्हनत्यात. पन आमाला काय कळतंय त्यातलं? तुमी एक दिवस राहून बघा. तुमचा नेम आणि त्यांचा नेम एकच. तुमाला चाललं म्हंजे त्यांना चाललं."

त्या घरातल्या हशाची सल माझ्या मनात होतीच. मी होकार दिला.

आता हॉटेलची परीक्षा कशी घेतात हे मला कुठून ठाऊक असणार? आयुष्यात उतरलो ते धर्मशाळांत, मठांत, नाहीतर नातेवाइकांकडे. विचार करता करता ध्यानात आले, की रोज सकाळी देवासमोर बसून आपण करतो ते तरी दुसरे काय असते? आलेल्याला बोलवावे, बसायला द्यावे, पाय धुवायला पाणी द्यावे, स्नान, वस्त्र, गंध, दिवा, नैवेद्य आणि शेवटी निरोप. पूजेचे सोळा उपचार म्हणजे घरी आलेल्या अतिथीचे आदरातिथ्यच. मग वहीत सोळा ओळी आखल्या आणि प्रत्येकीच्या आरंभी एकेक उपचार लिहिला. यज्ञोपवीताच्या ओळीशी मात्र अडलो. हॉटेलात जानव्याच्या जागी काय बघावे?

माझ्या विद्यार्थ्याला फोनवर विचारले, तर तो म्हणाला, "वायफाय लिहा, सर. दिसत न्हाय, पन तुटलं की सगळं अडतंय." त्याच्या घराण्यातही जानवे घालतात, त्यामुळे हा विनोद अधिकाराने केलेला होता. मी तसेच लिहिले.

सकाळी अकराला रिक्षातून उतरलो. दारात पन्नाशीपुढचा, कानाजवळ पांढरे झालेला एक सेवक उभा होता. त्याने माझी पिशवी हातात घेतली आणि "या पावणं," असे तोंडातून निघते न निघते तोच जीभ चावून म्हणाला, "या सर." त्याला सगळे मामा म्हणतात हे पुढे कळले. टेबलामागे हॉटेलच्या व्यवस्थापक बाई होत्या. चाळिशीच्या, कपाळावर भस्माची बारीक रेघ, फोनवर कन्नडमध्ये कुणाला तरी भाजीचा निरोप देत होत्या. मला पाहताच फोन खाली ठेवून उभ्या राहिल्या. नोंदवहीत मी लिहिलेला कोल्हापूरचाच पत्ता पाहून त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, पण प्रश्न आला नाही. घर इथेच असून हॉटेलात का, हे विचारण्याचा मोह आमच्या गावात क्वचितच कुणाला आवरतो. आवाहनाच्या ओळीपुढे मी मनातल्या मनात खूण केली.

खोली मागच्या बाजूला होती. रस्त्यावरच्या मालमोटारींचा आवाज तिथवर येत नव्हता. आसन म्हणून मी आधी टेबल-खुर्ची पाहिली, कारण कामाला आलेला माणूस पलंगावर कमी आणि टेबलाशी अधिक बसतो. खुर्चीवर बसून लिहून पाहिले. कोपर टेबलावर बरोबर टेकत होते. दिवा डाव्या हाताला ठेवलेला होता. ही गोष्ट लहान आहे, पण उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या अक्षरावर हाताची सावली पडू नये म्हणून प्रकाश डावीकडूनच यावा लागतो. हे आमचे गुरुजी आम्हाला समई मांडताना शिकवत. कुणीतरी इथे बसून, लिहून पाहून मगच हा दिवा मांडला होता. विजेचे बटण आणि प्लग टेबलाच्या वरच होते. चार्जर लावण्यासाठी गुडघे टेकून पलंगाखाली शिरावे लागत नव्हते. टेबलावर टोक केलेली पेन्सिल होती. भिंतीवर एकच चित्र होते, तांबड्या मातीत एकमेकांना भिडलेल्या दोन पहिलवानांचे.

न्हाणीघरात आरशाजवळ एक कागद चिकटवला होता, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. 'पाणी सौर बंबाचे आहे. पहिली बादली गार येईल. दुसरीपासून गरम.' हे वाचून मला फार समाधान वाटले. उणीव आधीच सांगणारे स्थान विश्वासाला पात्र असते. खोलीत अत्तराचा किंवा फवाऱ्याचा वास नव्हता. खिडकी उघडत होती. धूपाच्या ओळीपुढे मी 'मोकळी हवा' असे लिहिले. लिफ्टमध्ये मात्र एक यांत्रिक बाई मजल्याचा आकडा मोठ्याने इंग्रजीत सांगत असे. तो एक दोष मी प्रामाणिकपणे नोंदवला. जानव्याची परीक्षा नातीला फोनवर खोली दाखवूनच झाली. तिचा चेहरा एकदाही थिजला नाही. "आजोबा, तुम्ही खरंच लॉजवर आहात?" असे तिने विचारले ते मात्र अगदी स्पष्ट ऐकू आले.

दुपारी साडेबाराला भोजनगृहात गेलो. बिनकांदा-लसणाचे जेवण आधी सांगितले होते. आचाऱ्याने ते वेगळ्या भांड्यात केल्याचे मामांनी आपणहून सांगितले. वाढायलाही तेच होते. ज्वारीची भाकरी पातळ आणि गरम, दोडक्याची भाजी, वरण, ताजे ताक. जेवण इतके सात्त्विक आणि चवदार, की मी पहिली भाकरी केव्हा संपवली ते मलाच कळले नाही. मामांनी दुसरी पुढे केली.

मी म्हणालो, "नको, नको."

आणि मामा परत गेले.

मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. ते स्वयंपाकघराच्या दारात शिरले, भाकरीसकट. पुन्हा आले तेव्हा हातात ताकाचा तांब्या होता.

"ताक, सर?"

सवयीने तोंडातून गेले, "पुरे आता."

तांब्याही परत गेला. मी हात धुतले आणि खोलीवर आलो. पोटात अर्धी जागा रिकामी होती आणि मनात, लपवत नाही, थोडा राग होता. वही उघडली. नैवेद्याच्या ओळीपुढे लिहिले, 'अन्न उत्तम, आतिथ्यात उणीव. आग्रहाचा एक शब्दही नाही.' जरा थांबून पुढे आणखी लिहिले, 'पाहुण्याला अशा ठिकाणी परकेपण वाटेल.'

दुपारी तीनपर्यंत भुकेने झोप लागेना. चार वाजता चहाला खाली उतरलो तेव्हा भोजनगृहात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. मामा होते. बाई जवळच टेबलावर पडद्यांची कापडे मोजत होत्या. मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "बाई, सगळे उत्तम आहे. एक सुचवू का? वाढताना माणसाला जरा आग्रह करावा. मी एकदा नको म्हटले, तर भाकरी परत गेली."

बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "म्हणजे तुम्हाला हवी होती?"

मी चहाचा कप पुढे ओढला.

मामांना आता राहवले नाही. "बघा, म्यॅडम! मी सांगत हुतो का न्हवतो? ह्या सरांचा नको आपल्या मातीतला नको हाय. तोंडावर वळखू येत हुता. बावीस वर्सं लग्नाच्या पंगतीत वाढलंय मी, बिद्रीच्या अंगाला सगळीकडं. मानूस ताटावरनं उठून पळाल्याशिवाय सोडला न्हाय. पोळी लपवून आणायची, गप्पांत गुंतवायचं, आन् ताटात टाकून पळायचं. एकदा जावयाच्या हातावर जिलेबी घातली, हात आडवा धरला म्हनून! आन् हितं काय? नको म्हटलं की फिरायचं. बावीस वर्सांची विद्या पाण्यात गेली माझी."

"मामा, गप बसा जरा," बाई हसून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काका, मी गडहिंग्लजची. आमच्याकडं तर तुमच्यापेक्षा जास्त आग्रह. आमची अव्वा, म्हणजे आई, पाहुण्याच्या ताटात तूप ओतायची आणि वर शपथ घालायची. मी पण त्यातच वाढले. हॉटेल चालवायला घेतलं तेव्हा पहिले सहा महिने आम्ही सगळ्यांना पाहुण्यासारखंच वागवलं. लोक खूश झाले, कौतुक केलं आणि परत आले नाहीत."

"का?"

"एक जण जाताना सांगून गेले म्हणून कळलं. म्हणाले, ताई, मी तीन दिवसांत चार कारखाने फिरतो. दुपारी जास्त खाल्लं की मला मोजमाप जमत नाही. इथं मला नको म्हणता येत नाही." बाईंनी कापडाची घडी बाजूला ठेवली. "त्या दिवसापासून एक नियम. नको म्हणजे नको. पुन्हा हवं असेल तर माणूस मागेल. मागितल्यावर मात्र द्यायला एक क्षणसुद्धा उशीर नको. मामांना हे शिकवायला मला वर्ष लागलं."

"वर्स न्हवं, सव्वा वर्स," मामा म्हणाले.

मी चहा संपवला, उठलो आणि खोलीवर गेलो. टेबलाशी बसलो. समोर ते दोन पहिलवान होते, एकमेकांच्या खांद्यावर मान टेकून भिडलेले. वर्षानुवर्षे फळ्यावर खडूने लिहिलेले ते अव्यय डोळ्यांपुढे उभे राहिले. आपले मराठी 'पुरे' आणि आपले 'पुरून उरेल' ही एकाच धातूची लेकरे, आणि मी एका भल्या माणसाच्या 'पुरे'चे 'पुरून उरेल' करून दाखवले, चार लोक हसावेत म्हणून. त्यांना विभक्ती लावायची गरज नव्हती. पानावर आडवा धरलेला हात हीच त्यांची तृतीया होती. ती मला वाचता आली नाही असेही नव्हते. वाचता आली होती. त्यांचे न ऐकण्यालाच मी आतिथ्य समजलो होतो. आणि एक दुसरीच, लज्जास्पद गोष्ट ध्यानात आली. दुपारी मामांनी माझे ऐकले, तर मी त्यांच्या पाठीमागे दोष नोंदवला.

वहीतल्या त्या दोन ओळींवर मी एक सरळ रेघ मारली. खोडून नाहीशा केल्या नाहीत. खाली लिहिले, 'नैवेद्य: निर्दोष. देवालाही आपण एकदाच दाखवतो आणि मागे सरतो.'

संध्याकाळी खाली जाऊन मी बाईंना आणि मामांना तपासनिसांची सगळी हकीकत सांगितली, माझ्या विनोदासकट. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, तुमी तर आमच्याहून वाईट वाढपी निघाला की!" बाईंना हसू आवरेना. मी मामांना शब्द शिकवला. "अलम् म्हणजे नको. बाईंचा नको, आपला नव्हे." मामांनी तो दोन-तीनदा जिभेवर घोळवला. मग मी 'किञ्चित्' शिकवले, म्हणजे थोडेसे हवे.

"हे बरं हाय," मामा म्हणाले. "ह्येच ऐकायला मिळू दे देवा."

रात्री मी मागितले. भाकरी मागितली, ताक मागितले. क्षणात आले. सत्तरी उलटल्यावर, आयुष्यात प्रथमच मी जेवताना खरे बोललो.

पहाटे साडेचारला उठलो. पहिली बादली कागदावर लिहिल्याप्रमाणे गार आली, दुसरी गरम. पूर्व कोणती ते खोलीत कळेना. दार उघडले तर मामा जिन्यात फुलांची परडी घेऊन चालले होते. "शिरोलीच्या धुराड्याकडं तोंड करा, सर. दिवस तिकडनंच उगवतोय," असे म्हणून त्यांनी न मागता दोन जास्वंदीची फुले दिली. पुष्पाच्या ओळीपुढे खूण झाली. संध्या झाली, जप झाला, आणि तेवढ्या वेळात एकदाही दारावर टकटक झाली नाही. जप पुरा होऊन मी दार उघडले, तेव्हा चहा सांगताच आला.

सोळावी ओळ निरोपाची. आमच्या गावात हा उपचार सर्वांत अवघड. "बसा की जरा", "च्या घेऊन जावा की", "एवढी गडबड कसली" यात माणसाची गाडी चुकते. मी सातला निघतो म्हटले होते. पावणेसातला रिक्षा दारात होती. बाईंनी हात जोडले, मामांनी पिशवी ठेवली, आणि कुणीही मला थांबवले नाही. देवाला निरोप देताना आपण पुन्हा यावे एवढेच म्हणतो, त्याचा पदर धरून बसत नाही. रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिले. मामा उजवा हात वर करून उभे होते. त्यांचे ओठ काहीतरी म्हणायला उघडले होते, पण त्यांनी ते मिटले.

माझा विद्यार्थी घरी वाटच पाहत होता. वही वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. "आग्रह न्हाय म्हंजे पावणचार कसला, सर? माणूस उपाशी राहिला तर आमची अब्रू जाईल."

"मागच्या वेळी तो उपाशी राहिला नव्हता," मी म्हणालो. "तुझी भट्टी राहिली. हे हॉटेल कळव. आणि एक पथ्य पाळ. त्यांना घरी नेऊ नकोस. जेवायला नाही, चहालाही नाही. दारात आईला दाखवायलासुद्धा नाही."

"आई ऐकायची न्हाय."

"तिला सांग, अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही. हा तर काम ठरवून, तारीख कळवून येतो आहे. त्याला अतिथी म्हणता येत नाही, त्यामुळे तुला दोष नाही." हा तर्क शास्त्रापुढे टिकणारा नव्हता, पण माउलीपुढे टिकला.

पुढच्या आठवड्यात तपासनीस आले. स्टेशनवर हॉटेलची गाडी गेली. दोन दिवस मी तिकडे फिरकलो नाही, माझ्या विद्यार्थ्यानेही दातांवर दात ठेवून संयम पाळला. फौंड्रीत दुपारी फक्त ताक दिले, तेही त्यांनी मागितल्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला फोन केला. न्याहारीला या, पहिल्या खेपेला आपले बोलणे अपुरे राहिले. क्षमा मागायची संधी त्यांनीच दिली, म्हणून गेलो.

ते ताजेतवाने दिसत होते. कपाळावर ओले गंध. संस्कृत आणि थोड्या इंग्रजीत आमचे बोलणे चालले. मी त्या दिवशीच्या विनोदाबद्दल हात जोडले, तर ते मोठ्याने हसले. म्हणाले, आमच्या घरीही असेच आहे, म्हणून तर मी कामासाठी बाहेरगावी हॉटेल मागतो. मामांनी आंबोळ्या आणल्या, बाजूला लोण्याचा गोळा. पाहुण्यांनी दोन खाल्ल्या आणि पानावर हात धरला. "अलम्."

मामा थबकले. माझ्याकडे पाहिले. हातातल्या तिसऱ्या आंबोळीकडे पाहिले. त्यांच्या बावीस वर्षांची विद्या मनगटात उसळलेली मला दिसली. मग ते वळले आणि परत गेले.

आम्ही नमुन्यांबद्दल बोलत होतो. काही नमुन्यांत आत पोकळी सापडली, ते त्यांनी बाजूला काढले होते. बाकीचे उत्तम, म्हणाले. धातू स्वच्छ आहे, माणसे नवी असली तरी लक्ष देऊन काम करतात. संध्याकाळपर्यंत कागद पुरे करतो. बोलता बोलता त्यांचे लक्ष रिकाम्या ताटलीकडे गेले. जरा विचार करून त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि थोडे लाजत म्हणाले, "किञ्चित्..."

मामा इतक्या वेगाने आले, की ते दाराआड उभे होते हे उघड झाले. आंबोळी गरमच होती. टेबलापलीकडे उभ्या बाईंना ते मोठ्याने म्हणाले, "मागून घेतली, म्यॅडम! मागून घेतली पावण्यांनी!" या वेळी जीभ चावायचे त्यांना सुचले नाही, आणि बाईंनीही टोकले नाही.

संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याच्या आवाजामागे माणसांचा गलका होता. "सर, कागद झाला. पास! उद्या सकाळी भट्टी पेटवतोय. तपासनीस गाडीला वेळेवर बसले. मी थांबा म्हटलं न्हाय, तोंड घट्ट धरून उभा हुतो." मग म्हणाला, "सर, उद्या भट्टीची पूजा तुमी करायची. आनि दुपारी घरी जेवायला यायचं. आई खीर करणार हाय."

पूजेला येतो म्हणालो. आणि जेवणाचे? पिढ्यान्‌पिढ्यांची जीभ. "पूजेला येतो, पण जेवायला नको रे. कशाला उगीच त्रास."

पलीकडून माझा विद्यार्थी अत्यंत आदराने, एखादा नवा नियम पाठ केल्यासारखा म्हणाला, "बरं, सर. नको म्हंजे नको." आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो. पत्नी समोर भाजी निवडत होती. तिने वर न पाहता विचारले, "खपलीची खीर ना? लावा परत. सांगा त्याला, तुमचा नको कुठला होता ते."

मी लावला.